उलव्याच्या गाडीला बर्फाचे टायर?

दिवाळी संपते, नाताळच्या सुट्टीच्या तारखा शाळेकडून कळतात आणि उलव्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मनालीचे बेत शिजू लागतात. यंदा विमान नको, गाडीनेच जाऊ. गाडी एसयूव्ही आहे, उंच आहे, डिकी मोठी आहे. राहिला प्रश्न बर्फाचा, तर टायर बदलून घेऊ. टायरच्या दुकानात चौकशी केली की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: ‘एटी’ टाका. एटी म्हणजे ऑल टेरेन. जाडजूड ठोकळ्यांची नक्षी, रुंद खाचा, बाजूला पांढरी अक्षरे. चिखल, खडी, वाळू, बर्फ, सगळीकडे चालणारा टायर, अशी त्याची ख्याती. गाडीही जरा रुबाबदार दिसते, हा वरचा फायदा.

चिखल, खडी आणि वाळू यांपुरती ही ख्याती खरी आहे. बर्फाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे, आणि पावसाने भिजलेल्या डांबराच्या बाबतीत अनेकदा उलटी. उलवेकरांच्या गाडीचे आयुष्य मात्र डांबर आणि काँक्रीटवर जाते, आणि वर्षातले चार महिने ते भिजलेले असते.

टायर हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे वाटू शकते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. मृत्यूंमागच्या कारणांत अतिवेगाचा वाटा सुमारे ७० टक्के नोंदवला गेला. शरीराच्या दृष्टीने मात्र प्रश्न असतो तो धडकेच्या क्षणी किती वेग उरला होता याचा. गाडी ताशी ८० किलोमीटरने येत होती की ६० ने, यापेक्षा आदळताना ती ४० वर आली होती की पूर्ण थांबली होती, यावर बरगड्या, यकृत आणि मेंदूचे भवितव्य ठरते. हा वेग कमी करण्याचे काम ब्रेक करतात असे आपण म्हणतो. ब्रेक फक्त चाक धरतात. गाडी धरतो तो टायर, आणि तोही पोस्टकार्डापेक्षा थोड्या मोठ्या अशा चार तुकड्यांवर.

रबराला थंडी वाजते तेव्हा

रबर आणि तापमान यांचे भांडण जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबराच्या वस्तू उन्हाळ्यात चिकट व्हायच्या आणि हिवाळ्यात तडकायच्या. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराला गंधकासह उष्णता देऊन हा दोष बराचसा घालवला. बराचसा म्हणजे पूर्ण नाही. आजही प्रत्येक टायरचे मिश्रण ठरावीक तापमानासाठीच बनवलेले असते. टायरची पकड ही रबराच्या मऊपणातून येते. रस्त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांत रबर घुसते, त्यांना धरते आणि सोडते. थंडीत ते कडक झाले की ही घुसण्याची क्रिया मंदावते आणि टायर लाकडासारखा वागू लागतो.

थंड देशांत यासाठी सात अंश सेल्सिअसचा ठोकताळा वापरतात. तापमान सातत्याने त्याखाली राहू लागले की साधे टायर काढून हिवाळी टायर चढवायचे. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ते शून्याखालीही लवचीक राहते. त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरा पाडाव्यात तशा असंख्य बारीक नागमोडी चिरा असतात. या चिरा बर्फावर उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि वितळलेल्या पाण्याचा पातळ थर शोषून घेतात. एटी टायरवर काही चिरा असतात, पण त्याचे मिश्रण मुख्यतः दगडांनी कापले जाऊ नये म्हणून बनवलेले असते. हे दोन्ही हेतू एकाच रबरात पूर्णपणे साधत नाहीत.

आता उलव्याकडे पाहू. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. म्हणजे या परिसरातल्या सर्वांत गार पहाटेनेही टायरची हिवाळ्याची रेषा ओलांडली नव्हती. निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाचाच्या खाली जातो, महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, पण ते पहाटेचे काही तास. टायरच्या भाषेत उलव्याला हिवाळाच नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडून अस्सल हिवाळी टायर मागवून ते इथे वर्षभर चालवणे हीसुद्धा चूक ठरेल. तापलेल्या डांबरावर ते मऊ रबर लोण्यासारखे झिजते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त अंतर घेते.

डोंगराचे चिन्ह

टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे फारसे कोणी वाचत नाही, पण बर्फाचा विचार असेल तर दोन खुणा वेगळ्या ओळखायला हव्यात. अनेक एटी टायरवर ‘एम प्लस एस’ असे लिहिलेले असते, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. ही खूण नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतः देतो. त्यासाठी बर्फावर चाचणी घेणे बंधनकारक नसते. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती मिळवायला टायरला बर्फावरच्या ठरावीक चाचणीत पास व्हावे लागते. काही मोजक्या एटी टायरवर ही खूण असते, बहुतेकांवर नसते.

हा फरक किती गंभीर आहे, हे म्युनिक किंवा स्टुटगार्टला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चांगले ठाऊक आहे. जर्मनीत रस्त्यावर बर्फ वा बर्फाळ पाणी असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसती एम प्लस एसची खूण चालत नाही, डोंगराचे चिन्हच लागते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. वर्षात दोनदा टायर बदलण्याचा खर्च आणि कटकट तिथले लोक उगाच सोसत नाहीत.

थांबायला किती मीटर

थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या दोन सारख्या गाड्या ओल्या रस्त्यावर एकाच वेळी पूर्ण ब्रेक दाबतात. समजा एकीच्या टायरची पकड ०.५ आहे आणि दुसरीची ०.४. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पहिली गाडी सुमारे ५० मीटरवर थांबेल, दुसरी ६३ मीटरवर. पहिली ज्या जागी उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ३६ किलोमीटरने पुढे जात असेल. त्या जागी खारकोपर स्टेशनकडून घाईने रस्ता ओलांडणारे कोणी असेल, तर पहिल्या गाडीच्या चालकाला शिव्या खाव्या लागतील आणि दुसऱ्या गाडीच्या चालकाला ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. पादचारी आणि गाड्या एकत्र असतात तिथे वेग ३० च्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यापुढे माणूस वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते.

हे उदाहरण अतिरंजित नाही. युरोपात टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापावी लागते. तिथे सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या श्रेणीच्या टायरांत ८० च्या वेगाला थांबण्याच्या अंतराचा फरक १८ मीटरच्या आसपास सांगितला जातो. चार-पाच गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढे हे अंतर. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना ओली पकड, आवाज आणि घरंगळताना होणारा विरोध यांचे किमान निकष लागू झाले आहेत, पण दुकानात ग्राहक विचारतो तो टायर किती किलोमीटर चालेल हेच.

एटी टायर ओल्या डांबरावर मागे का पडतो? नवा असताना त्याच्या खाचा खोल असतात, पाणी भराभर बाहेर फेकले जाते, ही त्याची जमेची बाजू. पण खाचा रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. उंच ठोकळे जोरात ब्रेक दाबल्यावर वाकतात. मिश्रण कठीण. म्हणून चांगल्या हायवे टायरच्या, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘एचटी’च्या तुलनेत, तो साधारणपणे जास्त अंतर घेतो. सगळे एटी सारखे नसतात. सौम्य नक्षीचे काही एटी बरेच बरे असतात. पण जितकी नक्षी आडदांड, तितकी ही तडजोड मोठी.

आता बर्फ. गोठलेल्या, काचेसारख्या रस्त्यावर साध्या टायरची पकड ०.१ च्या आसपास येते. तिथे ताशी फक्त ४० किलोमीटरने जाणारी गाडी थांबायला ६३ मीटर घेते. या ठिकाणी एसयूव्हीवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो, की आपली गाडी फोर बाय फोर आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते, चढते, पुढे जाते. थांबण्याच्या बाबतीत तिचा काडीचाही उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांनाच असतात. उलट सहज पुढे जाता आल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही, ते पहिल्या वळणावर कळते. शिवाय रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही मुळात दोन चाकांवर चालणाऱ्या आहेत. उंची एसयूव्हीची, आत यंत्रणा हॅचबॅकची.

उंचीचीही एक किंमत आहे. एटी टायर घेताना अनेकजण एक माप मोठे घेतात, काहीजण सस्पेन्शनही उचलून घेतात. मोटारीचे बॉनेट पादचाऱ्याच्या पायाला लागते, तेव्हा तो वर फेकला जातो. उंच बॉनेट थेट ओटीपोटाला किंवा छातीला लागते, आणि मुलाच्या डोक्याला. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिल्यास मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. मोठ्या घेराच्या टायरमुळे स्पीडोमीटरही खऱ्या वेगापेक्षा मागे राहतो आणि मूळ मापावर बेतलेल्या ब्रेक यंत्रणेचे गणित बदलते. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर कंपनीने जी मापे दिली आहेत, त्याबाहेर जाऊ नये.

उलव्याचा खरा ऋतू

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात उलवे म्हणजे अजून बांधले जाणारे शहर. विमानतळासाठी डोंगर कापला गेला, सेक्टरमागून सेक्टर उभे राहत आहेत, डंपरच्या चाकांना लागलेली माती मुख्य रस्त्यावर येते. जूनच्या पहिल्या सरीत ही माती, डिझेलचे थेंब आणि पाणी यांचा जो राप तयार होतो, त्यावर दुचाकीवाले पडतात आणि मोटारी घसरतात. शेजारी जेएनपीएकडे जाणारे कंटेनर ट्रेलर. या रस्त्यासाठी टायर निवडायचा आहे.

त्यात भर पडली अटल सेतूची. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, आणि उलव्यातून मुंबई अचानक जवळ आली. पुलावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. पावसाळ्यात हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ मध्ये विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून एक सूत्र मांडले. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे, १०.३५ ने गुणायचे. येईल तो ताशी मैलांतला वेग. त्या वेगाला टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि रस्त्याशी संबंध सुटतो. ३६ पीएसआय दाबाला हा वेग भरतो ताशी १०० किलोमीटर. दाब २५ वर उतरलेला असेल तर ८३. मोटारीच्या टायरला खाचा असतात, त्यामुळे खाचा शाबूत आणि पाणी कमी असेल तर सूत्र इतके कडक लागू होत नाही. पण खाचा झिजलेल्या आणि रस्त्यावर पाणी साचलेले असेल, तर ते बरेच जवळ जाते. अशा वेळी स्टिअरिंग हातात एकदम हलके लागते. तेव्हा ब्रेक न दाबता, स्टिअरिंग सरळ ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढायचा असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की मर्यादा संपली. कायद्याची ही मर्यादा कोकणच्या पावसासाठी फार उदार आहे. तीन मिलिमीटरला टायर बदललेला बरा, आणि तो मे महिन्यात बदललेला बरा. ऑगस्टमध्ये गोटा झालेला टायर दिवाळीपर्यंत ओढणारे पुष्कळ असतात, कारण दिवाळीला सूट मिळते.

याचा अर्थ एटी टायर कोणीच घेऊ नये असा नाही. थारसारख्या काही गाड्या कारखान्यातूनच त्यावर येतात. कर्जत-मुरबाडकडे शेत आहे, आठवड्यातून दोनदा कच्च्या रस्त्याने जावे लागते, गाडी दगडांवरून चालते, अशांनी तो जरूर घ्यावा आणि डांबरावर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे. ज्यांची गाडी सेक्टर १९ ते बीकेसी आणि परत एवढीच धावते, त्यांच्यासाठी ओल्या पकडीत नावाजलेला एचटी टायरच योग्य. तो कमी आवाज करतो आणि इंधनही कमी खातो. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे मोटारीचा आवाज इंजिनपेक्षा टायरचाच जास्त असतो, आणि एटीची घरघर दोन तास ऐकून डोके जड होते, हे त्याच्या हौशी मालकांनाही मान्य असते.

खरेदी करताना आणखी तीन गोष्टी बघायच्या. बाजूवर डीओटी या अक्षरांच्या मालिकेत शेवटी चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. मापाच्या पुढचा आकडा वजन सांगतो. १०० म्हणजे प्रत्येक टायरला ८०० किलो. सात माणसे आणि टपावर सामान नेणाऱ्याने मूळ टायरपेक्षा कमी आकडा कधीही घेऊ नये. आणि दोनच नवे टायर घेतले तर ते मागच्या चाकांना लावावेत. पुढची चाके ओढतात म्हणून नवे पुढे, असा पंक्चरवाल्याचा आग्रह असतो, पण ओल्या वळणावर मागची चाके सुटली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

मग मनालीचे काय

उलवे ते मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर. जाऊन येऊन चार हजार. त्यात प्रत्यक्ष बर्फाचे किती? फार तर मनाली, सोलंग, अटल बोगदा आणि पलीकडे सिस्सूपर्यंतचे तीस-चाळीस. त्या चाळीससाठी चार हजार किलोमीटरवर कमी पकडीचा टायर चालवायचा, हा हिशेब जुळत नाही. त्यातही त्या चाळीसवर एटी पुरेसा नाहीच. ताज्या भुसभुशीत बर्फातून तो साध्या टायरपेक्षा बरा निघतो, पण रात्री गोठलेल्या काळ्या बर्फावर, जो डांबरासारखाच दिसतो, तो जवळपास तितकाच असहाय असतो.

या चाळीससाठी उपाय साखळ्यांचा. चाकावर चढवायच्या लोखंडी साखळ्या टायरच्या मापाच्या घ्याव्या लागतात आणि ज्या चाकांना ताकद मिळते त्यांवर बसवाव्या लागतात. शहरी एसयूव्हीत ती सहसा पुढची. त्या चढवल्यावर वेग चाळीसच्या आत, आणि साफ डांबर लागले की लगेच काढायच्या, नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही. बर्फवृष्टी सुरू झाली की पोलीस अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. खरा शहाणपणा मात्र गाडी मनालीत हॉटेलखाली उभी करून स्थानिक चालकाची टॅक्सी घेण्यात आहे. कुठल्या वळणावर ऊन पोहोचत नाही आणि तिथे दुपारीही काळा बर्फ असतो, हे त्याला पाठ असते. टॅक्सीचे भाडे नव्या चार टायरांपेक्षा कितीतरी स्वस्त.

हवेचा दाब तिथे पुन्हा मोजावा लागतो. उलव्यात २८ अंशांना ३३ भरलेली हवा उणे सात अंशांना आकसते आणि समुद्रसपाटीच्या हिशेबाने दाब साडेपाच पीएसआयने उतरतो. पण दोन हजार मीटर उंचीवर बाहेरची हवाच विरळ असल्याने मापक यंत्र सुमारे तीन पीएसआय वाढवून दाखवते. दोन्ही मिळून आकडा तीसच्या आसपास येतो. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर गार असताना मोजून दारावरच्या पट्टीवरचा दाब करून घ्यायचा. बर्फात पकड वाढते म्हणून हवा कमी करण्याची जी पद्धत वाळूवरून आली आहे, ती डांबरी घाटात वापरू नये.

टायर कितीही चांगला असला तरी ब्रेकवर पाय जायला माणूस जागा लागतो. दोन हजार किलोमीटर दोन दिवसांत मारणाऱ्यांचा आपल्याकडे कौतुकाने उल्लेख होतो. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे १९९७ पासून प्रयोगांत दिसून आले आहे. भारतात वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारला उलव्यातून निघालेला निर्व्यसनी माणूस रात्री नऊनंतर मद्यपी चालकासारखाच गाडी चालवत असतो. त्यात डिसेंबरच्या अखेरीस दिल्ली-चंदीगड पट्ट्यात धुके. चार दिवस लावावेत, आणि रोज अंधार पडायच्या आत थांबावे.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती गाडी बर्फात अडकली तर. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या भागात बर्फवृष्टीत सुमारे हजार वाहने अडकली होती आणि पोलिसांनी शेकडो पर्यटकांना सुखरूप बाहेर काढले. पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये असेच झाले, तेव्हा वीसहून अधिक माणसे गाड्यांतच मृत्युमुखी पडली. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडने झालेल्या विषबाधेचा संशय तिथे व्यक्त झाला. प्रक्रिया सोपी आहे. हीटरसाठी इंजिन चालू, काचा बंद, बाहेर बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजलेले. धूर गाडीखालून आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते.

हीच लक्षणे विरळ हवेचीही असतात, म्हणून लोक ‘उंचीचा त्रास आहे, झोपू द्या’ म्हणतात. ते झोपणे शेवटचे ठरू शकते. करोनाकाळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे दगा देते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्ताला ते ऑक्सिजनयुक्त समजते आणि ९८ दाखवते. गाडीतल्या दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर आकडा न बघता सगळ्यांनी बाहेर येऊन मोकळ्या हवेत उभे राहायचे, इंजिन बंद करायचे आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे असे सांगून ऑक्सिजन लावून घ्यायचा. अडकल्यावर आधी फावड्याने किंवा हाताने सायलेन्सर मोकळा करावा, तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवावे, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी. अंगात ऊब यावी म्हणून दारू घेऊ नये. तिने त्वचेकडे रक्त धावते, क्षणभर बरे वाटते आणि शरीराची उष्णता बाहेर जाते. कुडकुडणारे आजोबा अचानक कुडकुडायचे थांबले आणि असंबद्ध बोलू लागले, तर ते सावरलेले नाहीत, बिघडलेले आहेत.

घरात मधुमेही असतील तर इन्सुलिन रात्री गाडीत ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसेच दिसते, पण निकामी झालेले असते. ते अंगाजवळच्या खिशात न्यावे.

साखळ्या घेतल्याच, तर त्या चढवण्याची पहिली खेप उणे पाच अंशांत, बोटे बधिर झालेली आणि मागे हॉर्न वाजत असताना येऊ देऊ नये. निघण्याआधीच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून काढून पाहावे, हातमोजे घालून. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, थोडे तेल लावून ठेवाव्यात. उलव्याच्या खाऱ्या हवेत त्या पुढच्या डिसेंबरपर्यंत गंजलेल्या निघतात.